पिटातला माणूस

पुण्याहून रात्रभर प्रवास करून शनिवारी पहाटे पाचोऱ्याला उतरले, तेव्हा माझा अठ्ठाविसावा वाढदिवस सुरू होऊन पाच तास झाले होते. घरी आईने शिरा करून ठेवला होता. केक कुठून आणायचा, असं आप्पांनी विचारलं. मी म्हटलं, केक राहू द्या, संध्याकाळी माझ्यासोबत जळगावला चला. बालगंधर्व संगीत महोत्सव आहे, शास्त्रीय गाणं ऐकू.

"माले त्यामा काय समजस?" आप्पा म्हणाले. मग जरा थांबून, "आणि ऐकू तरी कुठं येतं?"

दुसरा प्रश्न खरा होता. आप्पांची सगळी नोकरी जिनिंगमध्ये गेली. कपाशीतून सरकी वेगळी करणारे रेचे ओळीने सुरू असतात तिथे शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलावं लागतं. उजवा कान जवळजवळ गेला, डावा अर्धा राहिला. दिवाळीत मी त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. ते त्यांनी लग्नकार्यात लावलं, बातम्यांना लावलं आणि बाकी वेळ डबीत ठेवलं. त्यावर गाणं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

पहिला प्रश्न मात्र मला खटकला. कारण हे वाक्य मी पाचोऱ्यात खूप जणांकडून ऐकलंय. शास्त्रीय गाणं म्हणजे पुण्या-मुंबईचं, मानेने दाद देणाऱ्यांचं, ज्यांच्या घरी आधीपासून तंबोरा आहे त्यांचं. आपण कापूस-केळीवाले. आपल्याकडे लग्नात बँड, यात्रेत तमाशा, आणि फार झालं तर बहिणाबाई. या समजुतीत गंमत अशी, की खुद्द या महोत्सवाला ज्यांचं नाव आहे, त्या माणसाच्या गाण्याची सुरुवातच जळगावात झालेली आहे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८चा. लहानपणी काही काळ ते जळगावात होते आणि तिथे मेहबूब खाँ नावाच्या गवयाकडे ते गाणं शिकले. टिळकांनी या मुलाचं गाणं पुण्यात ऐकलं आणि 'बालगंधर्व' म्हणून कौतुक केलं, ही गोष्ट पाठ्यपुस्तकापासून सिनेमापर्यंत सगळ्यांनी सांगितली आहे. पण टिळकांना जे ऐकू आलं, त्यातला पहिला हात जळगावच्या एका मुसलमान उस्तादाचा होता, हे वाक्य सहसा ओलांडून पुढे जातात. बालगंधर्वांच्या नावाने पुण्यात १९६८पासून रंगमंदिर आहे, जळगावात खुलं नाट्यगृह आहे, २०११ साली त्यांच्यावर चित्रपट आला. मेहबूब खाँच्या नावाची एखादी पाटी मला तरी जळगावात कुठे दिसलेली नाही.

बालगंधर्वांच्या चरित्रात कानाचंही एक प्रकरण आहे, आणि आप्पांना तयार करताना मी तेच वापरलं. तरुणपणी त्यांना कानाचा त्रास होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना उपचारासाठी मिरजेला, तिथल्या मिशन हॉस्पिटलात पाठवलं, असं सांगतात. त्याच मिरजेत ते १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला झाले. "म्हणजे बहिरा माणूस?" आप्पांनी विचारलं. पूर्ण बहिरे नव्हते, पण त्रास होता, म्हटलं. आप्पांनी मशीनची डबी खिशात टाकली.

दुपारच्या गाडीला गर्दी होती. परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली. ही स्टेशनं मला लहानपणापासून पाठ आहेत, कारण जळगाव म्हणजे आमचं मोठं गाव: दवाखाना, कॉलेज, कपडे, सिनेमा. मुख्य लाईन इथून १८६०च्या दशकात गेली. पुढे पाचोऱ्याहून जामनेरपर्यंत छोटी लाईन झाली, छप्पन्न किलोमीटरची, जिला सगळे 'पीजे' म्हणायचे. कोरोनात, २०२० साली ती थांबली आणि मग रुंदीकरणासाठी थांबलेलीच राहिली. या रुळांचा इतिहास कापसाच्या गाठींच्या अंगाने पुष्कळ सांगितला जातो. पण याच रुळांवरून नाटक कंपन्याही यायच्या. पडदे, कपड्यांच्या पेट्या, पायपेटी, तबले, आचारी आणि चाळीस-पन्नास माणसं. वऱ्हाड-खानदेशचा दौरा म्हणजे कंपनीला चार पैसे मिळण्याची आशा, कारण कापूस विकून झाला की इथल्या हातांत पैसा खुळखुळायचा. (दीनानाथ मंगेशकरांची सासुरवाडी तापीकाठच्या थाळनेरची, धुळे जिल्ह्यातली. गाणारी माणसं आणि खानदेश यांचं नातं आम्ही स्वतःच विसरून बसलोय.)

आता त्या काळी कोणाला गाणं ऐकायला मिळायचं, याचा जरा विचार करा. एकोणिसाव्या शतकात मोठा गवई बहुधा कुठल्या तरी संस्थानाच्या पदरी असायचा. तो गायचा दरबारात, सरदाराच्या वाड्यात, किंवा शहरातल्या एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात. गाणाऱ्या बायकांच्या कोठ्या होत्या, तिथेही खिसा लागायचा. ख्याल ही बंद दाराआडची गोष्ट होती. दार किलकिलं होतं, पण आत जायला ओळख, जात किंवा पैसा, यांतलं काहीतरी लागायचं.

हे दार मराठी मुलखात सगळ्यांत आधी मोठ्या प्रमाणावर उघडलं ते मैफलीने नाही, नाटकाने. विष्णुदास भावे यांचं 'सीतास्वयंवर' १८४३ साली सांगलीत राजाश्रयावर झालं, आणि दहा वर्षांनी ते मुंबईत तिकीट लावून नाटकं करत होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, तेव्हा तिकीट काढलेल्या प्रत्येकाच्या कानावर रात्रभर पदं पडली. तिकिटांचे वर्ग होते. पुढे खुर्च्यांवर वकील, मामलेदार, सावकार. सर्वांत स्वस्त जागेला पिट म्हणायचे. शिंपी, हमाल, कारकून, तालमीतली पोरं, बाजाराला आलेला शेतकरी, ही पिटातली माणसं. त्यांना कोणी ओळख विचारत नव्हतं. काही आणे टाकले की झालं.

आणि पिटाला काय ऐकायला मिळायचं! १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६च्या 'स्वयंवर'ला संगीत दिलं भास्करबुवा बखल्यांनी. भास्करबुवा म्हणजे अनेक घराण्यांची तालीम घेतलेला, त्या काळातला पहिल्या पंगतीचा ख्यालगायक. त्यांनी नाटकासाठी चाली 'सोप्या' केल्या नाहीत. उस्तादांकडून मिळालेल्या बंदिशींवर मराठी शब्द बसवून घेतले. यमन, भीमपलास, बागेश्री हे राग नाव न सांगता थेट पिटात उतरले. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. थिरकवांना पुढे पद्मभूषण मिळालं. आज असा संच एका मंचावर ऐकायचा तर पहिल्या रांगेचं तिकीट परवडणार नाही. तेव्हा तो पिटातल्या माणसाने ऐकला, तोही मायक्रोफोनशिवाय, कारण सुरुवातीच्या त्या वर्षांत मायक्रोफोन नव्हताच. शेवटच्या बाकापर्यंत आवाज गळ्यानेच पोचवायचा, आणि बालगंधर्वांचा तर आवाज मोठा म्हणूनही प्रसिद्ध नव्हता. तो गोड आणि स्वच्छ होता, शब्द सुटा ऐकू यायचा. लोक श्वास धरून बसायचे म्हणून पोचायचा, असं माझं मत.

पिटाकडे आणखी एक हत्यार होतं: वन्समोर. पद आवडलं की ओरडायचं, आणि नटाने ते पुन्हा म्हणायचं. नुसतं पुन्हा नाही, वेगळ्या अंगाने, नव्या ताना घेऊन. एकेका पदाला चार-चार वन्समोर, मग नाटक पहाटेपर्यंत चालायचं. जाणकारांनी यावर खूप नाकं मुरडली. नाटकाचा विचका झाला, कथानक लटकलं, रडता रडता सिंधू एकदम ताना कशी मारू लागते, वगैरे. टीका रास्तच आहे. पण मला यात दुसरंही दिसतं. ज्याला रागाचं नाव माहीत नाही असा माणूस एका मोठ्या गायकाला सांगतोय की हे पुन्हा गा, आणि तो गातोय. दरबारात हा हक्क एकट्या राजाला होता.

त्या हक्काची किंमत गायकानेही मोजली. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट आपल्याकडे कलानिष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात. मला ती ऐकली की घरात बसलेल्या त्या आईचा विचार येतो, आणि रसिकांना मायबाप म्हणणं किती महागात पडू शकतं याचाही.

मग हे पिट गेलं कुठे? ते १९३०नंतर बोलपटाला गेलं. १९३१ साली 'आलम आरा', १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा', त्यात नायक कोण, तर तेच गोविंदराव टेंबे. १९३५मध्ये स्वतः बालगंधर्व 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. कर्जात बुडालेल्या कंपनीला पडद्याचा आधार हवा होता. पडद्यावर वन्समोर चालत नाही.

त्याच सुमारास ख्यालाची मैफल वेगळ्या वाटेने सभागृहात येत होती. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाण्याचे जाहीर, तिकीट लावलेले कार्यक्रम केले, गवयाला समाजात मान मिळवून दिला. भातखंड्यांनी गावोगाव फिरून उस्तादांकडच्या चिजा उतरवून घेतल्या, १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. या दोघांमुळे मध्यमवर्गातल्या मुली निर्धास्तपणे पेटी शिकू लागल्या. हे ऋण मोठं आहे. पण गाण्याला 'सभ्य' करताना दोन माणसं बाहेर राहिली. एक, कोठीवर गाणारी बाई, जिच्या गळ्यात ते गाणं इतकी वर्षं जगलं होतं. दुसरा, ओरडून दाद देणारा पिटातला माणूस. नव्या सभागृहात शिस्त आली, शांतता आली, आणि 'आपल्याला त्यातलं काय कळतं' हे वाक्यही त्याच दाराने आत आलं, असं मला वाटतं. कळण्याची अट आधी नव्हती.

आप्पांपर्यंत हे गाणं पोचलं ते रेडिओवरून. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, शनिवारी रात्री साडेनऊला. जिनिंगच्या चौकीदाराकडे ट्रान्झिस्टर होता. हंगामात रात्रपाळी संपवून चहा पिताना तो लावलेला असायचा, असं आप्पांनी गाडीत सांगितलं. हे मला अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं. "कोण गायचं?" मी विचारलं. "नाव येईपर्यंत भोंगा व्हायचा," आप्पा म्हणाले.

नाट्यगृहात मैत्रिणीने आमच्यासाठी जागा धरली होती, शेवटून दुसऱ्या रांगेत. सुरुवातीला दीपप्रज्वलन, सत्कार, शाली, नारळ, आणि मोबाईल बंद ठेवण्याची विनंती. मग एक तरुण गायिका आली. माझ्याच वयाची असेल. तंबोरे लागले आणि तिने यमन सुरू केला.

आपल्याकडचे बरेच संगीतमहोत्सव पुण्यतिथीच्या निमित्ताने सुरू झालेत. सवाई गंधर्व १९५२ साली गेले, त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला, १९५३ साली, भीमसेन जोशींनी पुण्यातला महोत्सव सुरू केला. गेलेल्या माणसाला रात्रभर गाऊन आठवायचं, अशी ती कल्पना. वाढदिवसाला गाणं ऐकायला आलेली मी त्या हिशेबात उलट्या दिशेची. आणि रात्रभर तरी आता कुठे? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. मांडवात पहाटेपर्यंत चालणाऱ्या मैफली संपल्या. मध्यरात्रीचा मालकंस, पहाटेचा ललत हे श्रोत्यांच्या घड्याळातून जवळपास गेलेच. झोपणाऱ्यांचा हक्क मला मान्य आहे. जिनिंगच्या कामगाराच्या मुलीने आवाजावरच्या बंदीची तक्रार करणं बरंही दिसत नाही.

दहा मिनिटांनी आप्पांनी माझ्या दंडाला हात लावला. "मागचं ते येतंय आणि जातंय," ते म्हणाले.

मला कळेना. मग लक्षात आलं. ते तंबोऱ्याबद्दल बोलत होते. मशीन देणाऱ्यांनी सांगितलेलं आठवलं: ही मशीनं माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात. बोलणं तुटक असतं, चढतं-उतरतं. जो आवाज सलग, एकसारखा चालू राहतो तो मशीनला पंख्यासारखा, इंजिनासारखा वाटतो, म्हणजे गोंगाट, आणि ते तो दाबतं. लांबलेला एकच सूर आला तर शिट्टीची भीती वाटून तोही कापायला जातं. म्हणजे तंबोरा हा गोंगाट, आणि गायिकेने धरून ठेवलेला तीव्र मध्यम हा बिघाड. ज्याच्या आधारावर सगळं गाणं उभं असतं, तेवढंच नेमकं गाळून मशीन आप्पांना बाकीचं ऐकवत होतं.

गाण्यासाठी वेगळी सेटिंग असते, ती मला फोनवरून करता आली नाही. आप्पांनीच मशीन काढून डबीत ठेवलं. म्हणाले, "पुढं जाऊ."

गाणं चालू असताना उठायचं नसतं, हे पुण्यात शिकलेलं. मी बंदिश संपण्याची वाट पाहिली. विलंबित संपून द्रुत सुरू होण्याआधी क्षणभर जागा मिळाली, तेव्हा आम्ही वाकून कडेने चालत गेलो. एका कार्यकर्त्याने आप्पांच्या कानाकडे आणि हातातल्या डबीकडे पाहिलं, काही न विचारता पहिल्या रांगेच्या टोकाची राखीव खुर्ची रिकामी करून दिली आणि मला खाली गालिच्यावर बसा म्हणाला. डाव्या बाजूचा स्पीकर तिथून हातभर अंतरावर होता. आप्पांनी डावा कान त्याच्याकडे केला, त्यामुळे तोंड गायिकेकडे न राहता माझ्याकडे झालं. पुढचा पाऊण तास मी गायिकेपेक्षा त्यांनाच पाहत होते. डोळे मिटलेले. उजव्या हाताचं बोट मांडीवर तालाच्या जरा मागेपुढे पडत होतं.

शेवटी तिने 'स्वयंवर'मधलं एक पद घेतलं. यमनातलंच. आप्पांनी डोळे उघडले. हे त्यांना येत होतं. रेडिओवरून, चौकीदाराच्या ट्रान्झिस्टरवरून आलेलं असणार. ओठ हलत होते. पद संपलं, टाळ्या सुरू व्हायच्या आधीच्या त्या अर्ध्या क्षणात आप्पा ओरडले, "वन्समोर!"

कमी ऐकू येणाऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसतो. ते रेच्यांच्या आवाजावर मात करणारं ओरडणं होतं. पहिल्या दोन रांगांतल्या माना वळल्या. कोणीतरी हसलं. आणि मी, पिटातल्या माणसाच्या हक्काबद्दल दिवसभर मनात भाषण करत आलेली मी, पटकन त्यांचा गुडघा दाबला आणि हळू म्हटलं, "आप्पा, इथं तसं नसतं करत."

त्यांना ते ऐकू आलं नाही. "काय?" त्यांनी तितक्याच मोठ्याने विचारलं.

गायिकेने ते पाहिलं. हार्मोनियमवाल्याकडे वळून काहीतरी बोलली. घड्याळाकडे पाहून निवेदक उठायच्या बेतात होते. तिने पूर्ण पद पुन्हा घेतलं नाही, तेवढा वेळ नव्हता. फक्त धृपदाची ओळ घेतली, दोनदा. दुसऱ्यांदा वेगळ्या जागेवरून उतरली. मग आप्पांकडे पाहून नमस्कार केला.

परतीची गाडी उशिरा होती. जळगावच्या फलाटावर थंडी कडाक्याची. चहाचे कप हातात धरून आम्ही बाकावर बसलो. मी त्यांना अब्दुल करीम खाँची गोष्ट सांगितली: १९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना गाडीत बरं वाटेना म्हणून एका छोट्या स्टेशनावर उतरले आणि फलाटावरच त्यांचा शेवट झाला. "वाढदिवसाच्या दिवशी काय बोलतेस?" आप्पा म्हणाले. मशीन अजून डबीतच होतं, पण एवढं त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

उद्याही कार्यक्रम आहे का, त्यांनी विचारलं. आहे, म्हटलं, पण माझी पुण्याची गाडी उद्या संध्याकाळची आहे.

"तू जा," आप्पा म्हणाले. "मी येईन एकटा. ती खुर्ची माहीत झालीय आता."